नशा आधी की आजार आधी?

घरातलं माणूस नशा करत असेल आणि त्याला भास होऊ लागले, तर गाव लगेच म्हणतं, “नशेनं डोकं फिरलं.” या घाईचा इतिहास जुना आहे. तोच आज आम्ही सांगणार आहोत.

अफू आपल्याकडे नवी नाही. मुंबईत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळागोळी देत. अफूतून इंग्रज सरकारला मोठा महसूल मिळे. 1893 साली अफूच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, पण त्यानं अफूचा व्यापार बंद करा असं काही सांगितलं नाही.

त्याच वर्षी गांजा-भांगेच्या चौकशीसाठी दुसरा आयोग बसला. तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळांत कितीतरी रुग्णांपुढे आजाराचं कारण ‘गांजा’ असं लिहिलेलं होतं. हे कारण बहुतेक वेळा पोलिसांच्या कागदावरून उतरवलेलं असे. आयोगानं 1892 सालच्या नोंदींची फेरतपासणी करवली, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक टिकल्याच नाहीत. नशा होती म्हणून तीच कारण, असं धरून चालले होते.

हा धडा अफूच्या जातीच्या नशेलाही लागू आहे. अफू, ब्राउन शुगर, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या ही सगळी एकाच घरातली भावंडं. त्यांनी गुंगी येते. सोडल्यावर अंग मोडतं, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. पण नुसत्या अफूनं कानात आवाज येणं किंवा टोकाचा संशय येणं कमीच आढळतं. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: सोबत दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या होत्या का? ताप आहे का, डोक्याला मार लागलाय का? भास नशेच्या आधीपासून होते का? नशा सुटून महिना झाला तरी भास राहिले, तर वेगळा मानसिक आजार असण्याची शक्यता ते तपासतात.

या प्रश्नांची उत्तरं बहुधा घरातल्या बाईलाच माहीत असतात. काय आधी सुरू झालं, कोणत्या महिन्यात, कोणत्या गोळ्या सापडल्या, हे वहीत लिहून ठेवा. गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत न्या.

उपचार दोन्हींवर एकत्र होतात. भासांसाठी वेगळं औषध असतं. नशेची ओढ आवरायला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. एक मात्र विसरू नका: काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग जुन्याच मात्रेनं श्वास थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून नशा सोडवू नका. माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर लगेच 108 ला फोन करा.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं नशेतून आलेला मानसिक त्रासही आजारच मानला आहे. त्यावर सरकारी उपचार मिळणं हा हक्क आहे. सल्ल्यासाठी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे. बचत गटाच्या वहीत आजच लिहून घ्या.