तीन राशींचे गणित

तीन राशी माहीत असताना चौथी काढण्याच्या रीतीला त्रैराशिक म्हणतात. आर्यभटाने 499च्या सुमारास ती सूत्रात बांधली. भास्कराचार्यांनी 1150मध्ये ‘लीलावती’त तिचा गौरव केला: विष्णूने विश्व व्यापावे तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखानुसार त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला.

गावच्या पंतोजींच्या शाळेत मात्र ग्रंथापेक्षा तोंडपाठाला मान होता. धुळपाटीवर अंक गिरवायचे आणि संध्याकाळी परवचा म्हणायचा. त्यात नेहमीच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी असे. ही घोकंपट्टी निरर्थक मुळीच नव्हती. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. बाजार पाव-अर्ध्यावरच चाले.

अडीच शेर धान्याला साडेबारा आणे पडतात, तर सात शेरांना किती? यात अडीच हे प्रमाण, साडेबारा हे फल आणि सात ही इच्छा. इच्छेने फलाला गुणून प्रमाणाने भागायचे. सात बारे चौऱ्याऐंशी, निमकीतून सात निमे साडेतीन, मिळून साडेसत्त्याऐंशी. आता अडीचकीत साडेसत्त्याऐंशी शोधले की पस्तीस हाती लागतात. पस्तीस आणे, म्हणजे दोन रुपये तीन आणे. कागद लागला नाही, पण गुणाकार आधी का, हे पोराला कळलेच असेल असे नाही.

एकमान पद्धत ही उणीव भरून काढते. ती आधी एका शेराचा भाव काढते: साडेबाराला अडीचने भागून पाच आणे. मग सात पाचे पस्तीस. ताळाही सोपा: पाच आण्यांच्या भावाने अडीच शेरांचे साडेबाराच येतात. वेगात त्रैराशिक सरस, समजुतीला एकमान.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 1962पर्यंत शेर-मणही गेले. दशांश अपूर्णांक आले आणि औटकीची गरज उरली नाही. ‘चार आणे’ हा शब्द पंचवीस पैशांसाठी पुढेही चालला. ते नाणे 30 जून 2011 रोजी चलनातून बाद झाले.