जखमेचे मोल आणि पुढच्या आयुष्याची तजवीज

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली ती १६९० च्या दशकात. अफजलखानाचा वध आणि जावळीच्या खोऱ्यातली लढाई नोव्हेंबर १६५९ मधली, म्हणजे लेखणी आणि घटना यांत पस्तीस-एक वर्षांचे अंतर आहे. तरीही लढाईनंतर कोणाला काय मिळाले, हे सभासद एखाद्या कारकुनासारखे क्रमाने सांगतो. पडलेल्यांच्या मुलांचे चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून दर माणशी दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. अपंग सैनिकाला राज्याने काय दिले, याचा मराठीतला इतका नेमका उल्लेख त्याआधीचा माझ्या वाचनात नाही.

हे आकडे केवढे, याचा अंदाज त्याच बखरीतून बांधता येतो. नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार अशी पायदळाची उतरंड सभासद देतो आणि जुमलेदाराचे सालिना वेतन शंभर होन सांगतो. म्हणजे सर्वांत मोठ्या जखमेला जुमलेदाराचा दोन वर्षांचा पगार आणि सर्वांत लहान जखमेला त्याचा तीन महिन्यांचा पगार. जखम झालेला माणूस साधा पाईक असेल, तर त्याच्या दृष्टीने पंचवीस होनही लहान रक्कम नव्हती.

या नोंदीवर किती भार टाकायचा, हे मात्र सांभाळून ठरवले पाहिजे. चारही आकडे गोळाबेरीज आहेत. स्मरणातून लिहिणाऱ्याला असे आकडे सोयीचे पडतात. पडताळा पाहायला त्या दिवसाचा जमाखर्च आपल्यापाशी नाही. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला आणि शिवकाळाचे मूळ दफ्तर आपल्यापर्यंत पोहोचले नाही. म्हणून दोनशे होन अमक्या माणसाच्या पदरात पडलेच, असे म्हणता येत नाही. पण जिंजीच्या वेढ्याच्या दिवसांत, स्वराज्याचा आधार तुटत असताना, एक जुना सेवक नव्या छत्रपतीला राज्याची रीत सांगत होता. त्या रीतीत जखमेचा दर आणि विधवेचे निम्मे वेतन त्याला सांगण्याजोगे वाटले. एवढे तरी या ओळींतून निश्चित निघते आणि माझ्या मते तेही थोडे नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्या नोंदीची मांडणी. पडलेल्याच्या बायकोला चालू वेतन, जखमीला एकरकमी होन. ज्याचा हात कायमचा गेला, ज्याला पुन्हा ढाल धरता येणार नाही, त्याला दरसाल काय मिळाले? याबद्दल सभासद गप्प आहे. एक देणे झालेल्या जखमेचे आणि दुसरे पुढच्या आयुष्याचे. सभासदाकडे जिवंत जखमीच्या वाट्याला पहिलेच दिसते, दुसरे फक्त मृताच्या घराला. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे कागद वाचणे सोपे जाते.

पेशवाईत मृताच्या घराची बाजू भक्कम झाली. पुण्याच्या पेशवे दप्तरात बालपरवेशीच्या नोंदी पुष्कळ आहेत. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पालनासाठी दिलेली नेमणूक ती बालपरवेशी. कोणाला रोख, कोणाला जमीन किंवा गावचा वसूल. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर अशा घरांची संख्या किती वाढली असेल, हे निराळे सांगायला नको. राज्य बदलल्यावर मात्र या नेमणुकांचे सगळे वजन कागदावर आले. इनामांच्या सनदा तपासण्यासाठी इंग्रजांनी १८५२ चा कायदा केला. मग आजोबा कुठल्या रणात पडले यापेक्षा सनद घरात आहे की नाही, हाच प्रश्न राहिला.

जिवंत पण लढायला असमर्थ शिपायाची सोय कोकणात दापोलीला दिसते. १८१८ नंतर दापोली हे दक्षिण कोकणचे लष्करी ठाणे झाले, म्हणून आजही तिला कॅम्प दापोली म्हणतात. पुढे नियमित पलटणी हलल्या आणि तिथे व्हेटरन बटालियन राहिली. मैदानी लढाईला न चालणारे पण पहाऱ्यासारखी हलकी कामे करू शकणारे जुने शिपाई तीत असत. १८५७ मध्ये ती मोडली, तरी पेन्शनरांची वस्ती टिकली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ इथेच राहिले. गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करी पेन्शनर. सैन्यात महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज करण्यासाठी विनंतिपत्र तयार केले. भरती थांबली की पुढच्या पिढीची पेन्शनही थांबते, हे ज्यांच्या घरात पेन्शन येत होती त्यांना कुणी समजावून द्यावे लागले नाही.

पहिल्या महायुद्धाने तिसरी गोष्ट आणली: हात-पाय गमावलेल्याला धंदा शिकवणे. १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, पुढे ती खडकीला आली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले आणि १९७४ मध्ये खडकीलाच कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र. अपंग सैनिकाच्या सोयींचा महाराष्ट्रातला नकाशा काढला तर त्यातला बराचसा मजकूर पुणे-खडकीच्या चार-सहा मैलांतच बसेल.

या नकाशाबाहेरचे एक गाव घेऊ: नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे खापर. इथून खडकी फार दूर. खापरला परतलेल्या जवानाचा खरा आधार म्हणजे त्याची कागदांची पिशवी: डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत. सभासदाच्या वेळी जखम ‘पाहिली’ जाई, आता तिची टक्केवारी होते.

सभासदाने न सांगितलेले दुसरे देणे आज नियमात आहे. अपंगत्व पेन्शनचे दोन घटक असतात. सेवा घटक हा नोकरीचा. सैन्यसेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी जवानाला काढावे लागले, तर त्याची सेवा कितीही कमी असो, तो मिळतो. अपंगत्व घटक हा इजेचा. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राप्रमाणे शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली प्रमाणात, आणि किमान २० टक्के अपंगत्व हवे. त्याच पत्राने टप्पे केले: ५० च्या आतले ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५, त्यावरचे १००. बोर्डाने ३० टक्के लिहिले तर ५० धरून पगाराच्या १५ टक्के रक्कम येते. तीच इजा युद्धात झाली आणि त्यापायी जवान बाहेर पडला, तर शंभर टक्क्यांना पूर्ण पगार हे माप लागते, म्हणजे त्याच ५० ला पगाराचा निम्मा. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही या टप्प्यांचा लाभ मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या प्रकरणात मान्य केले.

न्यायालयापर्यंत जाणारे वाद बहुधा टक्क्याचे नसतात. इजा किंवा आजार सेवेमुळे झाला का, याचे असतात. धर्मवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले आणि १९९४ मध्ये फेफऱ्यामुळे, २० टक्के अपंगत्वासह, घरी पाठवले गेले. आजार प्रकृतीचा, सेवेचा नव्हे, असे सांगून पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरतीच्या वेळचा कागद काढायला लावला. तेव्हा आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर, असा तो निकाल. त्याच्या आधारे पुढे कित्येकांची पेन्शन सुटली. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे पात्रता नियम लागू आहेत. त्यांत मुदत संपवून निवृत्त होणाऱ्याच्या बाबतीत अपंगत्व घटकाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आली. म्हणून कोणाचाही कागद वाचताना आधी सेवामुक्तीची तारीख पाहावी.

कुटुंबाची बाजू सभासदाच्या निम्म्या वेतनाशी ताडून पाहता येते. सेवेमुळे मृत्यू आला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. युद्धात आला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन पूर्ण पगाराइतके. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना ग्रामपंचायत हद्दीतल्या एका घराची घरपट्टी माफ केली. खापरला त्याचा अर्ज गावच्याच ग्रामपंचायतीत करायचा.

शंभर टक्के अपंग पेन्शनरासाठी आणखी एक रक्कम आहे, सतत देखभालीचा भत्ता. मेडिकल बोर्डाने शिफारस करावी लागते. जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये झाला आणि महागाई भत्त्याबरोबर टप्प्याटप्प्याने वाढतो. अंथरुणाला खिळलेल्या जवानाला उठवणे, आंघोळ घालणे, कूस बदलणे हे काम घरात बहुधा बायको करते. भत्ता मात्र जवानाच्या हयातीपुरता आणि त्याच्या खात्यात येतो. त्याच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे तर पेन्शन ऑर्डरवर तिचे नाव आणि जन्मतारीख बरोबर असली पाहिजे. लग्न सेवामुक्तीनंतर झाले असेल, तर ती नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवून वेळीच करून घ्यावी लागते.