पळीभर तेल

आधी पायांतले बूट काढा. श्रावणातला चिखल आहे, आणि वर्ष १२०७. तारखेचं नाव घ्यायचंच तर ९ ऑगस्ट, पण इथे तसं बोललात तर कुणी ओळख देणार नाही. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा म्हणा. चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीतलं पाटण हे गाव. पुढे इथे पाटणादेवीला बसगाड्या येतील. आत्ता अंधारात बैलांच्या घंटा ऐकू येताहेत आणि वरून ढग उतरून आलेत.

आज चंद्रग्रहण आहे. गाव जागं आहे.

त्या ओसरीवर जा, पण पाणी सांडू नका. तिथे एक पोरगा गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. त्याच्यापुढे पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यावर तांब्याची वाटी तरंगतेय. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाणी हळूहळू आत चढतं, वाटी डुलते, आणि एका क्षणी गटकन तळाला जाते. ही झाली एक घटका, म्हणजे तुमची २४ मिनिटं. पोरगा भिंतीवर गेरूची रेघ ओढतो, वाटी उपसून पुन्हा ठेवतो. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका, आणि घटकेची ६० पळं. 'घटका भरली', 'घटकाभर टेका', 'घटका मोजतोय' असं आपण अजून बोलतो. ती भरणारी वाटी ही. पोरगा डुलकी काढायला लागलाय. त्याला हलकेच हलवा, नाहीतर गावाचं ग्रहण चुकेल.

गणिती भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीच्या लग्नाची, वाटीत पडलेल्या मोत्याची गोष्ट मात्र इथे विचारू नका. अकबराच्या दरबारातला फैजी ती त्यांच्या 'लीलावती' ग्रंथाच्या फारसी भाषांतरात लिहील १५८७ मध्ये, म्हणजे अजून ३८० वर्षांनी.

ढग फाटले. वर बघा. चंद्राची पूर्वेकडची कड मळल्यासारखी झालीय. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत पृथ्वीच्या सावलीत शिरतो, म्हणून आधी तीच कड बुडते. थोडं थांबा. आता उरलेल्या कोरीची टोकं नीट पाहा: बोथट आहेत ना? सूर्यग्रहणात ती अणकुचीदार असतात. चंद्राला झाकणारं बिंब चंद्राहून बरंच मोठं आहे, हे भास्कराचार्यांनी या बोथट टोकांवरून आणि ग्रहण लांबतं यावरून दाखवलं. दुर्बीण नाही, काच नाही. यंत्रांचं सगळं वर्णन करून झाल्यावर सर्वांत उत्तम यंत्र म्हणून त्यांनी नाव घेतलं ते 'धीयंत्रा'चं, बुद्धीचं. मला तो माणूस आवडतो तो इथे.

मग राहूचं काय? त्यालाही त्यांनी घराबाहेर काढलेलं नाही. ब्रह्मदेवाच्या वरानं राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो, असं म्हणून गणिताची आणि पुराणाची एकाच पंगतीत सोय लावली. ही मला कधी चलाखी वाटते, कधी शहाणपण. आज रात्री तरी या अंगणात कुणाचंच त्यावाचून अडलेलं नाही. ज्यांना राहू हवा ते नदीत उभे आहेत. ज्यांना सावली हवी ते रेघा मोजताहेत.

गर्दी सरकली. तो पुढे आला तो सोइदेव, निकुंभ घराण्यातला, यादवांचा मांडलिक. समोर चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा. (ज्ञानेश्वरांना भेटायला वाघावर बसून निघालेले चांगदेव ते वेगळे.) आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवायला यानं मठ काढलाय. ग्रहणात दान द्यायचं असतं. तुमच्या आजीनं 'दे दान सुटे गिऱ्हाण' ऐकून सुपात धान्य घातलेलं तुम्ही पाहिलं असेल. सोइदेव तेच करतोय. सगळ्यांसमोर हातावर पाणी सोडून तो मठाला दान देतो. ज्या ग्रहणाचं गणित शिकवायचं, त्याच ग्रहणाच्या मुहूर्तावर.

पुढे हे सगळं शिळेवर कोरलं जाईल, आणि १८६५ मध्ये भाऊ दाजी लाड त्याबद्दल छापतील. घराण्याची थोरवी, राजांची नावं, ग्रंथांची स्तुती हे सारं संस्कृतात, श्लोकांमध्ये. पण खर्च कुठून यायचा, हा मजकूर आला की भाषा बदलते. तिथे मराठी लागते, कारण तिथे तेली आहे, गिऱ्हाईक आहे.

उजाडेपर्यंत थांबाच. मग बाजारात या.

'मढा' हा शब्द कानावर पडतोय? मठाला, असा अर्थ. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी मढा. पोफळी म्हणजे सुपाऱ्या. धान्य मोजायचं ते मठाच्या मापानं, आणि मापणावळीतला अर्धा वाटा मापाऱ्याचा, अर्धा मठाचा. रात्री आकाश मोजणाऱ्यांचं माप सकाळी ज्वारीच्या ढिगात बुडतंय. राजानं शास्त्राला आश्रय दिला, असं आपण शाळेत लिहायचो. या बाजारात तो आश्रय पाच सुपाऱ्यांचा दिसतो.

तिकडे घाणा कुरकुरतोय. जितके घाणे, तितक्या पळ्या तेल मठाला. तेली बैलाला थांबवतो, धारेखालचं भांडं ओढतो आणि पळी भरतो. काठोकाठ नाही, बोटभर खाली. समोर भांडं धरून रात्रीचाच पोरगा उभा आहे, डोळे तारवटलेले. तो काही बोलत नाही, भांडंही हलवत नाही. नुसता पळीकडे बघत राहतो, रात्रभर वाटीकडे बघत होता तसा.

तेली पुटपुटतो, आणि पळी पुन्हा तेलात बुडवतो.