ट्रामच्या गोष्टीतून गळालेला न्यायाधीश

आवरेनाशी झालेली ट्राम, समोरच्या रुळांवर पाच कामगार, फाट्यावर एक; चालकाने ट्राम वळवावी का? नीतिशास्त्राच्या वर्गात हमखास येणारं हे कोडं ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फुट यांनी १९६७ साली ‘ऑक्सफर्ड रिव्ह्यू’तल्या एका लेखात मांडलं. लेखाचा विषय मात्र गर्भपात. शिवाय त्यांच्याकडे ट्राम एकटी नव्हती, तिच्या जोडीला एक न्यायाधीश होता. गुन्हेगार हाती लागलेला नाही, खवळलेला जमाव रक्तपाताची धमकी देतो आहे, आणि एका निरपराध्याला फासावर चढवलं तर अनेकांचे जीव वाचतील. आकडेमोड दोन्हीकडे सारखीच. तरी चालकाला आपण ‘वळव’ म्हणतो आणि न्यायाधीशाच्या विचारानेच हादरतो, असं का? फुट यांचा प्रश्न हा होता. चालकापुढे दोन्ही बाजूंना इजाच आहे, म्हणून तो कमी इजा निवडतो. न्यायाधीश मात्र काहींना मदत करण्यासाठी दुसऱ्याला इजा करतो, आणि इजा न करण्याचं कर्तव्य मदतीच्या कर्तव्याहून कडक असतं, हे त्यांचं उत्तर. म्हणजे निव्वळ बेरजेने नीती ठरत नाही हे दाखवायला आलेली ट्राम आज बहुधा बेरजेचंच गणित म्हणून शिकवली जाते.

बेरजेवरच नीती ठरवणारा उपयुक्ततावादी म्हणेल, न्यायाधीशाने कायद्यावरचा विश्वास मोडला, तोही हिशेबात धरा. धरू. पण ही लबाडी कधीच उघडकीला येणार नाही असं मानलं तरी आपलं हादरणं कमी होत नाही. तेव्हा त्याचं मूळ हिशेबाबाहेर असलं पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोडं जन्मलं तसंच राहावं हा हट्ट कशाला? खरंच, अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९८५मध्ये चालकाच्या जागी रूळ बदलण्याच्या खटक्याजवळचा वाटसरू उभा केला, तेव्हा कोडं अधिक अवघड झालं. वाटसरू गप्प राहिला तर तो कुणालाच मारत नाही, त्यामुळे फुट यांचं उत्तर त्याला पुरत नाही. अशा बदलाने तुलना धारदार होते. पण चालकविरहित गाड्यांसाठी जगभरातून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा करणारा ‘मॉरल मशीन’ प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कोणाला वाचवावं याचा कौल मिळाला. न्यायाधीशाला तिथे जागाच नव्हती. त्याआधी दहा वर्षं, २००८मध्ये, थॉमसन यांनी वाटसरूने ट्राम वळवली तरी चालेल हे स्वतःचंच मत फिरवलं होतं: स्वतःचा जीव द्यायला जो तयार नाही, त्या वाटसरूला दुसऱ्याच्या जिवावर पाच जण वाचवण्याचा अधिकार नाही.