पुंजसंगणकाची नक्कल

श्रोतेहो, बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकली असेल. खेळ शोधून काढणाऱ्या पंडितानें राजापाशीं बक्षीस मागितलें तें एवढेंच, कीं पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशा दुपटीनें पटाचीं चौसष्ट घरें भरून द्यावींत. राजा प्रथम हंसला; परंतु कोठारें रिकामीं झालीं तरी पट भरेना, तेव्हां त्याचें हंसूं मावळलें. आज ज्या इतिहासाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो या दुपटीच्या पटावरच घडलेला आहे. फरक इतकाच, कीं येथें राजाच्या जागीं आपला नित्याचा संगणक आहे, आणि कोठार रितें झालें तरी तो हार मानावयास तयार नाहीं.

आपल्या घरांतील संगणक ज्या खुणांनीं हिशेब करतो त्यांस बिट म्हणतात. बिट हा एक तर शून्य असतो, नाहीं तर एक. पुंजसंगणक, म्हणजे ज्यास क्वांटम काँप्यूटर म्हणतात तें यंत्र, क्यूबिट वापरतें. आणि क्यूबिटाची अवस्था शून्य व एक या दोहोंचें मिश्रण असूं शकते. हें मिश्रण कागदावर मांडूं लागलें म्हणजे दुपटीचा खेळ सुरू होतो. दहा क्यूबिटांच्या वर्णनास १,०२४ संख्या लागतात, विसांस १०,४८,५७६, आणि तिसांस १०७ कोटींहून अधिक. प्रत्येक संख्येस संगणकाच्या स्मृतींत सोळा बाइट जागा दिली, तर तीस क्यूबिटांस सुमारें १७ गिगाबाइट पुरतात. एवढें सामर्थ्य चांगल्या घरगुती यंत्रांतहि असतें. चाळिसांस सतरा हजार गिगाबाइटांहून अधिक लागतात, आणि पन्नासांस सुमारें एक कोटी ऐंशी लाख!

ही अडचण प्रथम स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत रशियन गणिती यूरी मानिन यांचें नांव घेतलें पाहिजे. १९८० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं तिचा निर्देश केला होता. पुढील वर्षीं, १९८१ च्या मे महिन्यांत, अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यमानें एक परिषद भरली. तींत रिचर्ड फाइनमन यांनीं प्रश्न केला, कीं साध्या संगणकास निसर्गाची हुबेहुब नक्कल साधेल काय? त्यांचें उत्तर नकारार्थी होतें. निसर्ग पुंजयामिकीच्या नियमांनीं चालतो, तेव्हां त्याची नक्कल करणारें यंत्रहि त्याच नियमांनीं चालणारें हवें, असें त्यांनीं सुचविलें. म्हणजे पुंजसंगणकाची कल्पना जन्मास आली ती साध्या संगणकाच्या अपयशांतून. १९८५ त डेव्हिड डॉइच यांनीं अशा यंत्राची तात्त्विक रचना सिद्ध केली, आणि १९९४ त पीटर शोर यांनीं दाखविलें, कीं प्रचंड संख्येचे अवयव तें यंत्र झपाट्यानें पाडूं शकेल. पेढ्यांचीं व सरकारांचीं गुप्त कुलुपें याच कठीण कामाच्या भरंवशावर उभीं असल्यामुळें सारें जग जागें झालें.

परंतु यंत्र होतें कोठें? तें हातीं येण्यापूर्वींच त्यावरील गणितरीति लिहिल्या जाऊं लागल्या, आणि त्या बरोबर आहेत कीं नाहींत हें पाहण्यास साध्या संगणकाखेरीज दुसरें साधन नव्हतें. ज्याला नक्कल साधणार नाहीं म्हणून दूर सारलें, त्यालाच परीक्षक नेमण्याची पाळी आली! आणि परीक्षक म्हणून त्याची योग्यता खरोखर मोठी आहे. प्रत्यक्ष पुंजसंगणकांत मध्येंच डोकावून पाहतां येत नाहीं. मोजमाप केलें कीं अवस्था मोडते. नकलेंत मात्र प्रत्येक पायरीवर प्रत्येक संख्या उघडी असते. शिवाय खऱ्या यंत्रांत येणारे दोष हेतुपुरस्सर मिसळून त्यांचा परिणाम आगाऊ पाहतां येतो. पुलाची योजना करणारा अभियंता जशी आधीं लहान प्रतिकृति करून तिच्यावर भार ठेवून पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

नकलेच्या वाटा दोन. पहिली बळाची: कोठार वाढवीत जाण्याची. २०१७ सालीं झुरिक येथील दोघां शास्त्रज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील कोरी नांवाच्या महासंगणकावर ४५ क्यूबिटांची नक्कल केली, तीस पांच लाख गिगाबाइटांहून अधिक स्मृति लागली. ही वाट किती दूर जाईल हें उघड आहे. एक क्यूबिट वाढला कीं महासंगणकाशेजारीं तेवढाच दुसरा उभा करावा लागतो.

दुसरी वाट युक्तीची. गांवांतील प्रत्येक माणसाचा इतर सर्वांशीं असलेला संबंध लिहावयास बसलों तर वह्या पुरणार नाहींत. परंतु बहुतेकांचा संबंध शेजारपाजाऱ्यांपुरताच असेल, तर आळीआळीनें टिपण ठेवलें तरी काम भागतें. १९९२ त स्टीव्हन व्हाइट यांनीं अणूंच्या साखळीविषयीं नेमकें हेंच केलें. महत्त्वाचें तेवढें ठेवावें व नगण्य तें टाकावें अशी पद्धति त्यांनीं दिली. २००३ मध्यें गिफ्रे विडाल यांनीं दाखविलें, कीं क्यूबिटांची परस्परांतील गुंतागुंत थोडी असेल, तर पुंजसंगणकाचें कामहि अशाच टिपणांनीं साध्या यंत्रावर स्वस्तांत उरकतें. त्याच्याहि आधीं, १९९८ त, गॉट्समन व निल यांच्या सिद्धांतानें उघड केलें होतें, कीं विशिष्ट क्रियांपुरतें पाहिलें तर गुंतागुंत पुष्कळ असूनहि नक्कल सोपी राहते. मग पुंजसंगणकाचें खरें सामर्थ्य राहतें कोठें? हा प्रश्न तेव्हांपासून शास्त्रज्ञांच्या पाठीस लागला आहे.

त्याची सर्वांत मनोरम कथा टेक्सासमधील आहे. ग्राहकाला काय आवडेल हें ताडणारी एक पुंजरीति २०१६ सालीं केरेनिडिस व प्रकाश यांनीं प्रसिद्ध केली. तिच्या तोडीची साधी रीति असूंच शकत नाहीं, एवढें सिद्ध करण्याचें काम प्राध्यापक स्कॉट ॲरन्सन यांनीं यूइन टँग या तरुण विद्यार्थिनीस दिलें. तिनें पुष्कळ खटपट केली. सिद्धता कांहीं सांपडेना. अखेर तिच्या ध्यानांत आलें, कीं सिद्धता सांपडत नाहीं याचें कारण तें विधानच खोटें आहे! २०१८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, तिनें साध्या संगणकाची तशी रीति देऊन टाकली. ती प्रत्यक्ष वापरास अजून जड आहे हें खरें; पण पुंजसंगणकाचा एक मोठा मान तिनें विचाराच्या बळावर काढून घेतला. गुरूनें दिलेल्या प्रश्नाचें उलट उत्तर आणण्याचें धैर्य शिष्येनें दाखविलें, आणि गुरूनें तें पारखून मान्य केलें. विद्येची परंपरा चालते ती अशी.

पुढील वर्षीं सामना रंगांत आला. ऑक्टोबर २०१९ मध्यें गूगलच्या शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें, कीं आमच्या ५३ क्यूबिटांच्या यंत्रानें २०० सेकंदांत जें काम केलें, त्यास सर्वांत मोठ्या महासंगणकास दहा हजार वर्षें लागतील. आय. बी. एम. च्या शास्त्रज्ञांनीं उत्तर दिलें, कीं तबकड्यांवरील जागा वापरली तर अडीच दिवस पुरतील. २०२२ त चिनी संशोधकांनीं युक्तीच्या वाटेनें, ५१२ चित्रप्रक्रियकांच्या साहाय्यानें, तशाच प्रकारचें काम सुमारें पंधरा तासांत केल्याचें प्रसिद्ध केलें. दहा हजार वर्षांचे पंधरा तास झाले! यांत गूगलचें यंत्र खोटें ठरलें नाहीं. खोटा ठरला तो साध्या संगणकाविषयींचा अंदाज.

आतां व्यवहाराकडे वळूं. नकलेसाठीं घडविलेलीं हत्यारें अभियंत्याच्या हातीं आलीं, आणि पुंजसंगणक नसतांनाहि उपयोगी पडूं लागलीं. विमानाच्या पंखाभोंवतीं हवेचे लहानमोठे असंख्य भोंवरे उठतात. त्यांचा हिशेब करतांना महासंगणकहि टेकीस येतात. २०२२ सालीं ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं पाहिलें, कीं भोंवऱ्यांचा संबंध मुख्यतः आपल्या जवळच्या आकाराच्या भोंवऱ्यांशीं असतो. म्हणजे पुन्हां तीच आळीआळीची गोष्ट! टिपणाची ती पद्धति लावतांच प्रवाहाच्या वर्णनास लागणाऱ्या संख्या दहापटीहून अधिक कमी झाल्या. जपानांत तोशिबाच्या शास्त्रज्ञांनीं २०१९ त एका पुंजयंत्राच्या कल्पनेवरूनच साध्या संगणकाची अशी रीति काढली, कीं असंख्य पर्यायांतून चांगला पर्याय चटकन निवडतां यावा.

आपला देशहि या उद्योगापासून दूर नाहीं. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें १९९१ त ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला होता. त्याच संस्थेनें बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व रूडकीची आय. आय. टी. यांच्या सहकार्यानें तयार केलेला ‘क्यूसिम’ हा नकलेचा संच २०२१ त सरकारनें खुला केला. पुंजसंगणक ज्यानें डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं, असा विद्यार्थीहि त्यावर आपली रीति दोषांसह व दोषांवांचून तपासूं शकतो.

श्रोतेहो, या कथेचें मर्म मला परीक्षकाच्या प्रश्नांत दिसतें. शोर यांच्या रीतीनें पाडलेले अवयव गुणून पाहिले कीं खरेखोटें तत्काळ कळतें. परंतु सगळींच उत्तरें अशीं ताळा पाहण्याजोगीं नसतात. उद्यां एखादें यंत्र औषधाच्या रेणूविषयीं कांहीं सांगेल, आणि तें ताडून पाहण्यास साधा संगणक असमर्थ असेल, तर विश्वास कशावर ठेवावयाचा? तो दिवस येण्यापूर्वीं नकलेची सीमा जितकी पुढें नेतां येईल तितकी नेणें, हेंच शहाणपणाचें. नव्या यंत्राचा सच्चेपणा जुन्या यंत्राच्या चिकाटीनेंच पारखला जात आहे. पटाचीं सारीं घरें भरणार नाहींत हें त्यास ठाऊक आहे. पण भरलेल्या प्रत्येक घराचा दाणान्‌दाणा त्यानें मोजून घेतलेला आहे.