महाविद्यालयाची ‘एलएमएस’ बदलते, तेव्हा गुण आणि उत्तरपत्रिका कुठे जातात?

नव्या सत्रारंभी महाविद्यालय जुनी अध्ययन व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच ‘एलएमएस’, बंद करून नवी स्वीकारते, तेव्हा विद्यार्थ्याला केवळ संकेतस्थळाचा पत्ता आणि पासवर्ड बदलल्याचे जाणवते. प्रत्यक्षात संस्थेचे अनेक वर्षांचे दप्तर एका घरातून दुसऱ्या घरात हलत असते. या स्थलांतरात काय टिकते आणि काय हरवते, याचा हा आढावा.

एलएमएस म्हणजे काय?

टिपणे, ध्वनिचित्रफिती, स्वाध्याय, चाचण्या, गुण आणि चर्चा एकाच ठिकाणी ठेवणारी ही व्यवस्था असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवण्यापेक्षा ती वेगळी ठरते, कारण कोणी काय, केव्हा सादर केले आणि त्याला किती गुण मिळाले, याची नोंद तिच्यात राहते.

जगभर वापरली जाणारी ‘मूडल’ ही मुक्तस्रोत प्रणाली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामस यांनी घडवली. पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ते ‘वेबसीटी’ या प्रणालीचे काम पाहत असत. मूडलची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. पुढे २००६ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड’ कंपनीने वेबसीटी विकत घेतली आणि कालांतराने ते नावच मागे पडले. तिच्यावर विसंबलेल्या संस्थांना स्थलांतर करणे भाग पडले. प्रणाली नेहमी संस्थेच्याच इच्छेने बदलते असे नाही, हा त्यातला धडा.

हैदराबादचे उदाहरण

देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादेत स्थापन झाले. ते आज डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्या काळच्या दूरशिक्षणात छापील पाठ्यपुस्तिका विद्यार्थ्याच्या घरीच राहत असे. आज पाठ्यसाहित्य सर्व्हरवर राहते, म्हणून सर्व्हर कोणाच्या हाती आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

याच शहरातील बिट्स पिलानीचा परिसर २००८ मध्ये सुरू झाला. त्याचा झुआरीनगर येथील गोवा परिसर २००४ चा. पिलानीत ‘नालंदा’, गोव्यात ‘क्वांटा’ आणि हैदराबादेत ‘सीएमएस’ अशी नावे रूढ झाली, तरी तिन्हींचा पाया मूडलचाच. हैदराबादच्या विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामिंग क्लबने सीएमएससाठी स्वतःचे अँड्रॉइड अ‍ॅपही तयार केले. प्रणालीत शिरण्याचे आणि तिच्यातून माहिती बाहेर काढण्याचे मार्ग खुले असले, की असे प्रयोग शक्य होतात. स्थलांतरालाही नेमके तेच मार्ग लागतात.

काय जाते, काय मागे राहते?

पाठ्यसाहित्य एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी ‘कॉमन कार्ट्रिज’सारखी सामायिक प्रमाणके आहेत. त्यांतून पाने, फायली, दुवे आणि प्रश्न जातात. विद्यार्थ्यांनी सादर केलेले स्वाध्याय आणि गुण मात्र जात नाहीत. मूडलमधून मूडलमध्ये जाताना वापरकर्त्यांच्या माहितीसह पूर्ण प्रत घेता येते. वेगळ्या कंपनीच्या प्रणालीत जायचे असेल, तर गुणपत्रक तक्त्याच्या रूपात आणि स्वाध्याय स्वतंत्र फायलींत जतन करावे लागतात. शिक्षकांचे शेरे बहुधा याच टप्प्यावर गळतात.

हे नुकसान किरकोळ नाही. २०२१ पासून श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होऊ लागले, तरी अंतर्गत गुण कशाच्या आधारे दिले याचा पुरावा महाविद्यालयाकडेच असतो. गुणांविषयी तक्रार आली किंवा ‘नॅक’ने पाच वर्षांची माहिती मागितली, की त्याची गरज भासते.

गोवा उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिष्टावो’ उपक्रमातील व्याख्याने यूट्यूबवर आहेत. त्यामुळे तेथे केवळ दुवे नव्याने द्यावे लागतील. प्राध्यापकाने स्वतः रचलेल्या प्रश्नसंचाचे मात्र तसे नाही.

मराठी मजकुराचे काय?

मूडलच्या भाषासंचांत मराठीचा समावेश आहे. अडचण जुन्या मजकुराची आहे. श्रीलिपीसारख्या संचांतील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले प्रश्न नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हांसारखे दिसतात. ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासावे लागतात. जोडाक्षरे आणि रफार यांच्याकडे विशेष लक्ष हवे. पीडीएफ केल्यास मजकूर दिसतो, पण त्यापासून संगणकीय चाचणी घेता येत नाही.

कोणती दक्षता घ्यावी?

नवी प्रणाली घेतानाच ती सोडण्याच्या अटी करारात लिहून घ्याव्यात. माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळेल, हे त्यात स्पष्ट असावे. माहिती बाहेरच्या कंपनीकडे सोपवली तरी उत्तरदायित्व संस्थेचेच राहते, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्र आहे.

बदल परीक्षेच्या तोंडावर करू नये. आधी एखाद्या विभागात चाचणी घ्यावी आणि जुनी प्रणाली किमान एक सत्र केवळ वाचण्यापुरती खुली ठेवावी. विद्यार्थ्यांनीही ती बंद होण्यापूर्वी आपले स्वाध्याय, गुण आणि शेरे उतरवून घ्यावेत. पुढे गुणांवरून वाद उद्भवलाच, तर हातातील ती प्रतच उपयोगी पडेल.