खजिना, कापूस आणि माणूस : खान्देशातील रस्त्यांची गोष्ट

आजचा थ्रेड रस्त्यांवर आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

धुळे शहर नकाशावर पाहिले की ते एखाद्या फुलीच्या मध्यावर बसलेले दिसते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे देशातील दोन मोठे मार्ग येथे एकमेकांना छेदतात. छत्रपती संभाजीनगरमार्गे सोलापूरला जाणारा तिसरा येथूनच फुटतो. तरीही याच खान्देशातील कित्येक गावांना पावसाळ्यात तालुक्याचे ठिकाण गाठणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोठे जिकिरीचे होते. मोठे रस्ते गावाच्या शिवारातून जात होते, पण ते गावासाठी नव्हते.

मग ते होते कोणासाठी?

उत्तराआधी थोडे मातीविषयी. थंड मुलखात बर्फ पडला की वाटा बंद होतात. आपल्याकडे ते काम काळी माती करते. जी माती कापूस पिकवते, तीच उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी पिऊन फुगते. मृगाचे दोन पाऊस झाले की गाडीवाटेवर चाक आऱ्यांपर्यंत रुतते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले यांना पूर आला की उरलीसुरली पायवाटही जाते. त्यामुळे दिवाळीपासून मृगापर्यंतच रस्ता ‘असे’. खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येण्याचा सर्वांत मोठा सण आखाजी, आणि तो येतो वैशाखात, वाटा खडखडीत कोरड्या असताना. या जुळणीत रस्त्यांचाही हात असावा, असा माझा आपला तर्क आहे.

जुन्या काळी येथून जाणारा मुख्य मार्ग पूर्व-पश्चिम होता. सुरत बंदरातून निघायचे आणि नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करीत बऱ्हाणपूर गाठायचे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच वाटेने गेला. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्या काळी ओझे वाहणारे खरे वाहन म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यातील बैल. पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या घेतलेल्या बैलाला बांधलेला रस्ता लागत नाही.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले. आता महत्त्व आले उत्तर-दक्षिण मार्गाला. मुंबईहून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर आणि पुढे सातपुड्यातला सेंधवा घाट चढून माळव्यात. या मार्गाने लष्कर जायचे, टपाल जायचे आणि सरकारी खजिना जायचा.

त्या घाटाच्या रखवालीवर खाज्या नाईक होता. त्याच्या घराण्याकडे हे काम वडिलांपासून चालत आलेले. एका दरोडेखोराच्या मृत्यूवरून इंग्रजांनी त्याला तुरुंगात टाकले, पुढे सोडले आणि १८५७ ची धामधूम सुरू होताच गरज भासली म्हणून पुन्हा त्याच कामावर घेतले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंदूरकडून मुंबईला निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना खाज्या नाईक आणि त्याच्या भिल्ल साथीदारांनी लुटला. रस्त्याचा राखणदारच रस्त्यावर उलटला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली. ही कथा आपण बंडाची कथा म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण ती रस्त्याचीही कथा आहे. ज्यांच्या डोंगरातून रस्ता काढला, त्यांना त्या रस्त्याने दिले काय, तर दुसऱ्याच्या पैशाची राखण.

खजिन्यामागून आला कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे खान्देश-वऱ्हाडाकडे वळले. त्याच दशकात जीआयपी रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. जळगावच्या भरभराटीचे मूळ त्या स्टेशनात आहे. रस्त्यांनीही दिशा बदलली. ते स्टेशनाकडे धावू लागले. धुळ्याला रेल्वे मिळायला १९०० साल उजाडले. चाळीसगाव–धुळे हा फाटा अवघा ५६ किलोमीटरचा, पण तोवर एवढे जिल्ह्याचे ठिकाण असूनही माल बैलगाड्यांनीच स्टेशनावर न्यावा लागे. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीचा रस्ता सुरीसारखी कापत जाते, हे येथे ध्यानात ठेवावे.

या रस्त्यांचे पैसे कोण भरी? शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जाई. त्यातील एकतृतीयांश शिक्षणाला आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना. म्हणजे आणा सगळ्या गावांचा, रस्ता मात्र आधी बाजारपेठेचा.

आणि श्रम? त्याचे उत्तर दुष्काळात सापडते. १८७६–७८, मग १८९९–१९०० चा छप्पन्नचा काळ, आणि स्वातंत्र्यानंतर १९७२ चा. प्रत्येक वेळी पोट भरण्यासाठी लोकांनी, विशेषतः बायांनी, खडी फोडली. १९७२ च्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळी कामांची खडी डांबराखाली गेलेले रस्ते महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्यावर कोनशिला नसते.

आता मोटार. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरली की टपावरही माणसे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले तेव्हा अनेक गाड्या कोळशाच्या गॅसवर चालल्या. वेगाने धावणाऱ्या रबरी टायरांनी खडीच्या रस्त्यांतील बारीक माती उडवून लावली आणि रस्ते उखडू लागले. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा रस्ते-निधी करावा, असे तिने सुचवले; १९२९ मध्ये तो निधी स्थापन झाला. म्हणजे पेट्रोल भरताना रस्त्याचे पैसे देण्याची आपली रीत जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

पुन्हा एकदा खजिना. १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीतून निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खान्देशातील त्यांचे सहकारी त्यात होते. सेंधवा घाट ते चिमठाणे, मध्ये ८७ वर्षे. वाहन बदलले, वाहिली जाणारी वस्तू तीच!

माझ्या मते खरा पालट त्यानंतर आला, आणि तो रस्त्याने नव्हे तर गाडीने आणला.

१९४३ मध्ये नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. शेतीच्या विकसित भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट तिच्या आराखड्यात होते. हिशेबात प्रथमच ‘गाव’ आले, कापसाच्या गाठी नव्हेत. मग १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली सरकारी प्रवासी बस सुटली. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि महामंडळाला आजचे नाव मिळाले. ‘गाव तिथे एस.टी.’ हे ब्रीद तुम्हाला पाठ असेलच.

या ब्रीदाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. बैलगाडीला चिखल चालतो, चालत नसला तरी गाडीवान चालवून घेतो. बसला चालत नाही. एकदा गावात बस येऊ लागली की नाल्यावर फरशी पूल हवा, मोरी हवी, मुरूम हवा, आणि पावसात गाडी बंद झाली की तक्रार करायला एक ठरलेले ठिकाणही असते. ‘रस्ता द्या’ या मागणीपेक्षा ‘आमची बस का बंद केली?’ हा प्रश्न अधिकाऱ्याला टाळायला कठीण. गावकऱ्यांनी तो दर पावसाळ्यात विचारला.

रात्री गावात थांबणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी मुक्कामी गाडी ही तर एक संस्थाच होती. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपत. पहाटेच्या त्या गाडीत दूध असे, भाजीच्या पाट्या असत, दवाखान्यात निघालेली बाळंतीण असे आणि कॉलेजची मुले. शहरात शिकणाऱ्या मुलाचा जेवणाचा डबाही एस.टी.च येऊन पोहोचवी. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने शाळांच्या यादीशेजारी बसचे वेळापत्रकही ठेवावे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. १९७२ ला खडी फोडणाऱ्या ज्या बाया तेव्हा साठी-सत्तरीत होत्या, त्याही त्या सवलतीने बसल्या असतील.

उलटेही घडते. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या महिन्यांत रस्ते जागच्या जागी होते, पण ज्याच्या दारी दुचाकी नाही त्याच्यापुरती गावे पुन्हा पायी अंतरावर गेली.

राहिली सायकल, आणि ती खरोखरच राहून गेली. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेत, पितळी बिल्ला देत. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी. म्हणजे सायकल हे वाहन असल्याचे कर घेताना मान्य होते. रस्ता आखताना मात्र तिच्यासाठी वेगळी पट्टी कोणी ठेवली नाही. जळगाव शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढले आणि कोलकात्याला निघालेला ट्रक नि शाळेला निघालेले पोर एकाच डांबरावर आले. महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. शहराबाहेरून पाळधी–तरसोद असा वळणरस्ता आखावा लागला, तो याच कोंडीपायी.

शहरांतर्गत बसचीही तीच कथा. २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा योजना तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४,६०,२२८ आणि धुळे ३,७५,५५९. ही शहरे केव्हाच मोठी झाली, त्यांची बस मात्र अजून रिक्षाच आहे.

जाता जाता एक स्वतःची आठवण. विद्यापीठ बांभोरीला, गिरणेच्या पलीकडे. पहिल्या वर्षी हौसेने सायकलने जायचे ठरवले. पुलावर डावीकडे कठडा, उजवीकडे ट्रक, आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर मी. सात दिवस गेलो. आठव्या दिवशी आगारात जाऊन पास काढला.